कृती दिसते, भाव दिसत नाही

निगडी प्राधिकरणातील एका घरात रविवारचे संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते. आजोबा पिंपरीच्या एका कारखान्यातील तपासणी विभागातून निवृत्त झालेले, मुलगा चाकणला पाळीत काम करणारा आणि नात त्याच पट्ट्यात नुकतीच अभियंता म्हणून रुजू झालेली. आठवड्याचे सहा दिवस या घरातील माणसे एकमेकांना येता-जाताच भेटतात. रविवारी मात्र ताटे आवरल्यावर तासभर तरी सगळे एकत्र बसतात. अशाच एका रविवारी नात काहीशी घुश्शात होती. महाविद्यालयात असताना तिने जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या जाडजूड अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचून काढल्या होत्या आणि आता त्यांच्यावर बेतलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका पाहून संपवली होती.

“आजोबा, नावं तीच आहेत, राज्यं तीच आहेत, पण माणसं ती नाहीत,” ती म्हणाली.

आजोबांचे सारे आयुष्य मोजमापे तपासण्यात गेलेले. त्यांनी विचारले, “नाव तेच, काम तेच. मग नेमकं बदललं काय?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देताना नात अडखळली. पुस्तकातील व्यक्तिरेखा पडद्यावर आली की ती बदलते, हे सर्वांनाच जाणवते. काय बदलले, हे मात्र चटकन सांगता येत नाही.

अद्भुताचे आकर्षण मराठी वाचकाला नवे नाही. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुताला मोठे स्थान होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली, तर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये. राजपुत्र, राजकन्या, वियोग, संकटे आणि अखेरचे मीलन यांनी त्या काळच्या वाचकाला भुरळ घातली होती. हिंदीत हीच मोहिनी देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ने घातली. १८८८ च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागलेली ही कादंबरी वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याचे इतिहासकार आवर्जून नोंदवतात. खत्री यांनी बनारसजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तेथील डोंगर, गुहा आणि पडके किल्ले यांमधूनच त्यांची कथासृष्टी उभी राहिली.

पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत ही चंद्रकांता पोहोचली ती मात्र पुस्तकातून नव्हे. १९९४ मध्ये दूरदर्शनवर नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली आणि रविवारची सकाळ तिच्या नावावर झाली. उत्तर प्रदेश-बिहारमधून येऊन कारखान्यांत काम करणाऱ्यांना ती आपल्या मुलखाची गोष्ट वाटे. नगर, सोलापूर, साताऱ्याहून आलेल्या कुटुंबांना ती नवलाची वाटे. निगडीच्या या घरातील मुलगा तेव्हा शाळेत होता. आईच्या डबीतले काजळ घेऊन त्याने भुवया जाड केल्या होत्या आणि “यक्कू” म्हणत तो जिना चढत-उतरत असे. हा शब्द क्रूरसिंहाचा. अखिलेंद्र मिश्र यांनी रंगवलेला हा खलनायक मालिकेत इतका गाजला, की पुष्कळ प्रेक्षकांना नायक वीरेंद्रसिंहापेक्षा तोच अधिक आठवतो.

मूळ कादंबरी उघडली तर क्रूरसिंह असा भेटत नाही. तेथे तो विजयगडच्या मंत्र्याचा मुलगा आहे. राजकन्येशी विवाह करावा आणि त्या वाटेने गादी मिळवावी, एवढाच त्याचा लोभ. कथेला धक्का देणारे तो एक निमित्त आहे. खरा बलाढ्य प्रतिस्पर्धी चुनारचा राजा शिवदत्त. लेखकाला क्रूरसिंहाविषयी माया नाही आणि वाचकालाही ती वाटू नये, अशीच मांडणी आहे. पडद्यावर मात्र नटाने त्याला लकब दिली, आवाज दिला, वेश दिला. लोभी माणूस गमतीचा झाला. मुले त्याची नक्कल करू लागली.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. खत्री यांच्या कादंबरीतील ‘ऐयार’ म्हणजे वेषांतरात निष्णात असे हेर. त्यांच्याजवळ दोर असतो, बेशुद्ध करण्याची पूड असते, शुद्धीवर आणणारा ‘लखलखा’ असतो. त्यांच्या धंद्याचे काही संकेतही आहेत. पकडलेल्या ऐयाराला शक्यतो जिवे मारू नये, कैदेत ठेवावे, हा त्यांतला एक. शिवदत्ताचे बद्रीनाथासारखे ऐयार अखेर वीरेंद्रसिंहाच्या बाजूला येतात, ते या संकेतामुळेच शक्य होते. त्या कादंबरीतील तिलिस्म, म्हणजे गुप्त खजिन्याभोवतीचा चक्रव्यूह, हाही जादूटोण्याचा खेळ नाही. माणसाला गिळणारा प्रचंड बगळासुद्धा पुढे कारागिरीचाच प्रकार ठरतो. तिलिस्म उभारणारे हे कोणी मांत्रिक नव्हेत. ते कुशल कारागीर आहेत. यंत्रांच्या गावात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट विशेष आवडावी. पडद्यावर मात्र चमत्कार वाढला आणि कारागिरी मागे पडली. बुद्धीने सुटणारी कोडी झगमगाटात हरवली. साहजिकच ती कोडी सोडवणारी माणसेही थोडी उणी झाली.

हे बदल कोणी दुष्टाव्याने करत नाही. त्यांना व्यवहाराची कारणे असतात. पुस्तक वाचकाच्या सवडीने चालते. मालिका भागांच्या संख्येने चालते. दोन-तीन बैठकांत वाचून होणारी गोष्ट महिनोन्‌महिने चालवायची, तर नवी माणसे आणि नवी संकटे आणावीच लागतात. नारायण धारप यांच्या कादंबरीवर आधारित ‘ग्रहण’ ही मालिका २०१८ मध्ये झी मराठीवर आली. अशा भयकथेत एकट्या माणसाच्या मनातली भीती हाच खरा ऐवज असतो. पुस्तक ती भीती चार ओळींत सांगते. पडद्याला तीच दाखवायला दुसरा माणूस लागतो, ज्याच्याशी पहिला बोलेल. उलट मार्टिन यांच्यासारख्या लेखकाची शेकडो पात्रे पडद्यावर आणायची, तर दोन-तीन माणसांचे मिळून एक करावे लागते. नट लोकप्रिय झाला की त्याची भूमिका फुगते. कधी लेखकच मागे राहतो. मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला, पुढचा येण्याआधीच पडद्यावरची कथा २०१९ मध्ये संपली. शेवटच्या टप्प्यात मालिकाकारांना पुस्तकाचा हात धरताच आला नाही.

नातीने हे सारे सांगितले, तेव्हा आजोबांना आपला जुना धंदा आठवला. लेथवरून उतरलेला प्रत्येक जॉब नकाशातल्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. म्हणूनच नकाशावर टॉलरन्स लिहिलेला असतो. इतके कमी-जास्त चालेल, त्यापलीकडे नाही. त्यांनी विचारले, “मग गोष्टीतल्या माणसाचा टॉलरन्स किती?”

वय, रूप, वेश, बोलण्याची ढब यांना बरीच सूट देता येते. मार्टिन यांच्या पहिल्या खंडात परागंदा राजकन्या तेरा वर्षांची आहे आणि उत्तरेच्या सरदाराचा थोरला मुलगा चौदा वर्षांचा. मालिकेत दोघेही बरेच मोठे आहेत. त्यांच्या वाट्याला येणारे प्रसंग पाहता ते योग्यच झाले. मराठीतले उदाहरण हवे असेल तर ते अद्भुतकथेचे नव्हे, साहसकथेचे आहे; पण ते घरचे आहे. भा. रा. भागवत यांचा बनेश फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. शाळकरी, किडकिडीत आणि सायकलवर स्वार. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन यांनी किशोरवयात तो साकारला. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला. वय वाढले, काळ बदलला. तरीही तो फेणेच वाटतो, कारण अन्याय दिसला की त्याला गप्प बसवत नाही आणि स्वतःच्या लाभाचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. त्याला धावायला लावणारी गोष्ट बदललेली नाही.

म्हणजे सूट संपते ती हेतूपाशी. माणूस काय करतो, हे तसेच ठेवून तो ते का करतो हे बदलले, तर नाव राहते आणि माणूस जातो. नात ज्या प्रसंगावर रागावली होती, तो असाच होता. मार्टिन यांच्या तिसऱ्या खंडात, २००० साली आलेल्या पुस्तकात, धाकटा भाऊ टिरियन न केलेल्या खुनासाठी मृत्युदंडाच्या छायेत तुरुंगात आहे. थोरला भाऊ जेमी त्याला सोडवतो आणि निरोपाच्या क्षणी एक जुने पाप कबूल करतो. धाकट्याच्या पहिल्या पत्नीबद्दल, ती पैशासाठी आलेली होती, असे थोरल्याने वडिलांच्या सांगण्यावरून कधीकाळी सांगितले होते. ते खोटे होते. ती मुलगी खरोखर प्रेमाने आली होती. या एका वाक्याने धाकट्याचे आयुष्य उलटेपालटे होते. तो भावाला मारतो, त्याच्या जिव्हारी लागेल असे खोटे बोलतो आणि त्या दाहातच वडिलांच्या दालनाकडे जातो. तेथे तो त्यांचा वध करतो.

२०१४ मधील मालिकेच्या चौथ्या पर्वात बाकी सारे आहे. तुरुंग आहे, सुटका आहे, वडिलांचा वधही आहे. ती कबुली मात्र नाही. दोघे भाऊ मिठी मारून निरोप घेतात. प्रसंग डोळ्यांत पाणी आणणारा आहे. परंतु भावाच्या मायेने निथळलेला, सुटकेची वाट मोकळी असलेला माणूस पाठ फिरवून वडिलांना मारायला का जातो, याचे पुस्तकाइतके कारण पडद्यावर उरत नाही. कृती तीच राहिली आणि तिच्यामागचा भाव बदलला. पुढच्या पर्वांत टिरियन अधिकाधिक समंजस आणि अधिकाधिक चतुर होत गेला. पुस्तकातला जखमी, कडवट, स्वतःचाच वैरी झालेला माणूस मात्र त्या दाराशी मागेच राहिला.

इतका वेळ आज्जी काही बोलली नव्हती. चिंचवडच्या स्थानकात चातुर्मासाच्या प्रवचनात अनेकदा ऐकलेली एक कथा तिला आठवली. ती म्हणाली, “मग प्रसन्नचंद्र राजर्षींची गोष्ट तर कुणालाच पडद्यावर दाखवता येणार नाही.”

ही कथा या नियतकालिकाच्या वाचकांना परिचित आहे. बालपुत्राला गादीवर बसवून राजा प्रसन्नचंद्राने दीक्षा घेतली. राजगृहाजवळ भर उन्हात ते ध्यानस्थ उभे होते. भगवान महावीरांच्या दर्शनाला निघालेल्या श्रेणिक राजाने त्यांना पाहिले आणि तो भारावून गेला. समवसरणात त्याने विचारले, या क्षणी त्या मुनींचे आयुष्य संपले तर त्यांना कोणती गती मिळेल? उत्तर आले, सातवा नरक. श्रेणिक चकित झाला. थोड्या वेळाने तोच प्रश्न विचारल्यावर उत्तर बदलले, आणि अखेर मुनींना केवलज्ञान झाल्याचे दुंदुभीच्या नादाने कळले. मधल्या काळात घडले ते सारे मनात. वाटेवरच्या एका सैनिकाचे बोलणे मुनींच्या कानी पडले होते, की मंत्र्यांनी कट करून बालराजाला संकटात टाकले आहे. देह निश्चल उभा होता आणि मन रणांगणावर शस्त्रे चालवत होते.

येथे पडद्याची मर्यादा स्वच्छ दिसते. कॅमेऱ्याला या साऱ्या काळात एकच दृश्य मिळेल, उन्हात उभा असलेला एक मुनी. नरक आणि केवलज्ञान यांच्यामधले अंतर त्याच्या चौकटीत मावणार नाही. कथा किंवा कादंबरी मात्र सहज आत शिरते आणि मनाचे परिणाम कसे पालटत गेले ते सांगते. जैन विचाराने कर्मबंधाच्या बाबतीत कृतीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्व भावाला दिले आहे. एकाच सुरीने वैद्यही छेद घेतो आणि दरोडेखोरही. ज्या समाजाला हे लहानपणापासून सांगितले गेले आहे, त्याने तरी व्यक्तिरेखेची पारख केवळ तिच्या कृतीवरून करू नये.

आज्जीच्या कथेत पुढे एक जागा आहे, आणि नातीने ती नेमकी पकडली. मनातल्या युद्धात शस्त्रे संपली, तेव्हा डोक्यावरचा मुकुटच शत्रूवर फेकावा म्हणून मुनींचा हात मस्तकाकडे गेला. बोटांना लागले ते मुंडन केलेले डोके. त्या स्पर्शासरशी त्यांना आपण कोण आहोत हे आठवले आणि पश्चात्तापाचा प्रवाह उलट दिशेने वाहू लागला.

“आज्जी, हे दाखवता येईल की! नुसता तो हात वर गेलेला दाखवायचा,” नात म्हणाली.

तिचे म्हणणे खरे आहे. भाव दिसत नाही, पण भावाची खूण दिसू शकते. चांगला रूपांतरकार पुस्तकातील पाने कापताना अशीच खूण शोधतो. एखादा हात, एखादा थबकलेला पाय, न उच्चारलेला शब्द. ती खूण सापडली तर दहा पाने गाळूनही माणूस शाबूत राहतो. सापडली नाही तर दहा भाग वाढवूनही तो हाती लागत नाही.

हेतू बदलणे कधीच क्षम्य नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जैन परंपरेत रामकथेचे जे रूप विमलसूरींनी ‘पउमचरिय’ या महाराष्ट्री प्राकृतातील काव्यात मांडले, त्यात कैकेयी भरतासाठी राज्य मागते, हे कायम आहे. पण तेथे दशरथ दीक्षा घ्यायला निघाला आहे आणि त्याच्यापाठोपाठ भरतालाही वैराग्य झाले आहे. पती आणि पुत्र दोघेही एकाच वेळी दुरावणार, या भीतीने ती पुत्राला राज्याच्या बंधनात अडकवू पाहते. वर तोच आणि मागणीही तीच, पण मत्सराच्या जागी मातेची व्याकुळता आली आणि कैकेयी वेगळी झाली. तिच्यासोबत रावणही वेगळा झाला. त्याची जास्तीची नऊ मुखे म्हणजे गळ्यातील हारातल्या रत्नांत उमटलेली प्रतिबिंबे ठरली. हे रूपांतर लपूनछपून झालेले नाही. प्रचलित कथांविषयी श्रेणिकाच्या मनात शंका येतात, तो गौतम गणधरांना विचारतो आणि त्याचे उत्तर म्हणून कथा सुरू होते. बदल का केला, हे कवी आरंभीच सांगतो. तत्त्वासाठी, विचारपूर्वक आणि उघडपणे केलेला बदल नवी कलाकृती घडवतो. भाग लांबवण्यासाठी किंवा टाळी मिळवण्यासाठी केलेला बदल जुन्या व्यक्तिरेखेला फक्त पोकळ करतो.

घरातील मोठ्यांना यातून एक सोपी सवय लावून घेता येईल. मुले पडद्यासमोर बसणारच. पाळीवरून थकून आलेले आईवडीलही बसणारच. मालिका संपल्यावर “कोण जिंकलं?” असे विचारण्याऐवजी “त्यानं तसं का केलं असेल?” असे विचारावे. मूळ पुस्तक मिळत असेल तर ते प्रकरण काढून वाचावे आणि दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. क्रूरसिंहाच्या भुवया रंगवणाऱ्या त्या शाळकरी मुलाला १९९४ मध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आज तो स्वतः बाप आहे आणि ही चर्चा ऐकून हसत होता.

आजोबा मात्र हसत नव्हते. त्यांना लेथवरचा एक जुना कामगार आठवला होता. सलग तीन दिवस त्याचे जॉब मापाबाहेर गेले. आजोबांनी ते बाद केले, यात चूक काहीच नव्हती. पण वहीत त्याच्या नावापुढे त्यांनी ‘निष्काळजी’ असाही शेरा लिहिला. त्या तिन्ही रात्री तो आजारी मुलाच्या उशाशी जागत होता, हे नंतर केव्हातरी कळले. तोवर तो काम सोडून गावी गेला होता. दर संवत्सरीला आजोबा सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. त्या माणसापर्यंत ते कधी पोहोचले नाही.

“माप माझं बरोबर होतं,” ते म्हणाले. “शेरा चुकला.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि नातीला सांगितले, “त्या दोन भावांचं प्रकरण काढ बरं पुस्तकातलं. मराठीतून सांगत सांगत वाच. कबुली दिल्यावर थोरला काय म्हणाला, ते मला ऐकायचंय.”